उद्या लिहिणाऱ्यांची बंगई

मित्रांनो, मी एक जुनी बंगई आहे. पुण्याकडचे पाहुणे आले की मला झोपाळा म्हणतात. गल्लीतली हिंदी बोलणारी मुलं झूला म्हणतात. पण जबलपूरच्या ज्या मराठी घरांची मुळं विदर्भाकडची आहेत, तिथे मी बंगईच. सागवानाची एक रुंद फळी, चार कोपऱ्यांना चार पितळी साखळ्या आणि प्रत्येक साखळीच्या मधोमध एक पितळी मोर. त्यातल्या एका मोराची चोच वाकलेली आहे. ती कोणी वाकवली ते मला ठाऊक आहे, पण मी सांगणार नाही.

इथल्या गोरखपूर बाजाराच्या मागच्या गल्लीत, दाणी यांच्या दुमजली घराच्या व्हरांड्यात मी टांगलेली असते. समोरून भाजीच्या गाड्या जातात, ई-रिक्षा जातात, शाळेची बस येऊन हॉर्न वाजवते. रस्त्यावरच्या सगळ्यांना कुठेतरी पोचायचं असतं. माझ्यावर बसणाऱ्याला कुठेच पोचायचं नसतं. म्हणून येणारे-जाणारे माझ्याकडे जरा तिरक्या नजरेने पाहतात. मला त्याची सवय झाली आहे.

माझा जन्म जबलपूरजवळच्या पाटनचा. रामराव दाणी तेव्हा तरुण होते, तोफगाड्यांच्या सरकारी कारखान्यात नकाशे काढायचे. नवीन घर बांधलं तेव्हा त्यांनी मंडल्याच्या बाजूचं सागवान घेतलं आणि पाटनच्या एका सुताराकडे दिलं. सुतार म्हणाला, "बाबूजी, अगले हफ्ते ले जाना." पुढच्या आठवड्यात त्याच्या मेव्हण्याचं लग्न निघालं. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याचं पोट दुखलं. मग पाऊस आला, मग नवरात्र आलं, आणि माझी फळी त्याच्या माळ्यावर पडून राहिली. रामराव बसने जायचे आणि रागावून हात हलवत परत यायचे.

त्याच लाकडातून शेजाऱ्यांनी एका चपळ सुताराकडून टेबल करून घेतलं होतं. पहिल्याच उन्हाळ्यात ते असं वाकलं, की त्यावर ठेवलेला पेला आपोआप कडेला यायचा. मी मात्र आजही सरळ आहे. लोक माझ्यावर हात फिरवून म्हणतात, सुतार मोठा कसलेला असणार. कसला कसलेला! आळशी होता. पण त्याच्या आळसात माझं लाकूड चांगलं वाळलं, हेही तितकंच खरं. त्यानंतर सराफ्याच्या पुढच्या गल्लीतून मोरांच्या साखळ्या आल्या आणि एका सकाळी मी या व्हरांड्यात पहिला झोका घेतला.

आमच्या भागातल्या मराठी मंडळाचा गणेशोत्सव असतो. त्यात दरवर्षी लहान मुलांचं एक मराठी नाटक होतं, आणि ते नाटक लिहायचं काम रामरावांकडे होतं. आषाढ लागला की ते कानाला पेन्सिल अडकवून माझ्यावर येऊन बसायचे. आतून कोणी विचारलं, "झालं का सुरू?" की ते म्हणायचे, "उद्या बसतो लिहायला." मग पायाच्या अंगठ्याने जमिनीला हलकंच रेटायचे. उद्याही तेच, परवाही तेच. पेन्सिल कानालाच असायची.

आता तुम्ही म्हणाल, हा तर निव्वळ आळस झाला. थांबा. माझ्यावर इतकी माणसं बसली आहेत, की नुसत्या पायाच्या रेट्यावरून मला माणूस कळतो. ज्याच्या डोक्यात काहीच नसतं तो आधी जोरात झोके घेतो आणि मग झोपतो. रामराव झोपायचे नाहीत. त्यांचा झोका एका लयीत चालायचा, मध्येच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. एकदा त्यांनी मुलगा आनंदला जवळ बसवून सांगितलं होतं, "पहिलं जे सुचते ना, ते शेजाऱ्यालाही सुचलेलं असते. त्याला जाऊ द्यायचं. दुसरं येते, तेही बरेचदा तसंच. आपलं स्वतःचं येईपर्यंत बसायचं."

अशाच एका वर्षी, बसून बसून त्यांना गणपतीचा उंदीर मटाराच्या पोत्यात अडकल्याचं नाटक सुचलं. कैलासाला निघालेला उंदीर मटार खाता खाता जबलपूरच्या मंडईत उतरतो आणि परत जायलाच तयार होत नाही. त्या वर्षी गल्लीतली सगळी मुलं उंदीर व्हायला तयार होती आणि गणपती व्हायला कोणी मिळेना. किती सुंदर दिवस होते ते! तालमी माझ्याभोवती व्हायच्या, आणि माझ्यावर एकाच वेळी इतके उंदीर चढायचे की कड्या कुरकुरायच्या.

आनंदने वडिलांचं ते बोलणं फारच मनावर घेतलं, पण अर्धंच. त्याने अंगणातला गळका नळ दुरुस्त करायचं काम उद्यावर टाकलं, ते वर्षानुवर्षं. त्या नळातून पाण्याशिवाय दुसरं काही बाहेर आल्याचं मी तरी पाहिलं नाही. तेव्हा मित्रांनो, लांबवणं लांबवणं सारखं नसतं. डोक्यात प्रश्न जागा ठेवून जो बसतो त्याचं वेगळं, आणि प्रश्नालाच विसरून जो बसतो त्याचं वेगळं.

पुढे रामराव थकले. शेवटी शेवटी त्यांना झोका सोसायचा नाही, तेव्हा ते नुसते माझ्या साखळीला धरून उभे राहायचे. ते गेले त्या वर्षी मंडळाने नाटकाचं काम त्यांच्या सुनेकडे दिलं. सून म्हणजे आनंदची बायको, विनता. ती शाळेत विज्ञान शिकवते. तिनेही काय करावं? आषाढात माझ्यावर येऊन बसली, मांडीवर बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगांचं ताट घेतलं आणि म्हणाली, "उद्या लिहीन." तिच्या पायाचा रेटा मला लगेच ओळखू आला. मला इतका आनंद झाला, की दोन दिवस माझी कडी कुरकुरली नाही.

विनताची नाटकंही रंगायची. पण ती मंडळाच्या हातात पडायची अगदी शेवटी, आणि मग एकच धावपळ. मंडळाचा नवा सचिव झाला प्रथमेश. बँकेत नोकरी करणारा, मनाचा चांगला, पण प्रत्येक गोष्टीची तारीख ठरलेली असली तरच त्याला जेवण जातं. दारातूनच त्याचा आवाज यायचा.

"वहिनी, नाटक कधी देऊन राहिल्या? ग्रुपवर सगळे मलाच विचारून राहिले."

"देते रे. डोक्यात घोळून राहिलं आहे."

"डोक्यात ठीक आहे जी, पण कागदावर पाहिजे ना!"

बिचाऱ्याचंही चूक नव्हतं. कपडे भाड्याने आणायचे, पडदे सांगायचे, मुलांकडून पाठांतर करून घ्यायचं, हे सगळं त्याच्याच डोक्यावर. शेवटी मागच्या वर्षी त्याने आणि आनंदने मिळून एक युक्ती काढली. विनता लिहीत नाही कारण ती बंगईवर बसते, असं दोघांनी ठरवून टाकलं. मग मला काढून तिथे एक छानसं टेबल, खुर्ची आणि दिवा ठेवला. माझी फळी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत गेली आणि साखळ्या पोत्यात. पोत्याचं तोंड बांधताना आनंद म्हणाला, "थोडेच दिवस." त्याच्या तोंडचे थोडे दिवस म्हणजे किती, हे मी नळावरून ओळखून होते.

गच्चीवर मला काही दिसायचं नाही. ऐकू मात्र यायचं. त्या वर्षी विनताने नाटक राखीच्याही कितीतरी आधी लिहून दिलं आणि सगळीकडे तिचं कौतुक झालं. नाटक एका राजाचं होतं. राजा, त्याचा चतुर प्रधान, दरबार आणि शेवटी उपदेश. भाषा अशी की एखाद्या पाठ्यपुस्तकाने मान डोलवावी. प्रधानाचं काम विनताच्या मुलीला, सलोनीला दिलं होतं.

सलोनी दहा वर्षांची आहे. इथल्या बऱ्याच मराठी मुलांसारखं तिला मराठी सगळं समजतं, पण बोलताना गाडी हिंदीवर जाते. तरी तेव्हा घरात थोडं थोडं बोलायची. मोडकं असायचं, पण गोड असायचं. ती पाठांतरासाठी गच्चीवर यायची आणि माझ्या फळीवर उभी राहून म्हणायची, "महाराज, आपण आज असे हिरमुसलेले का दिसता?" मग जिन्यातून खाली ओरडायची, "आई, हिरमुसलेले मतलब?" खालून अर्थ यायचा. पुढच्या वाक्याला पुन्हा तेच. मला फार वाईट वाटायचं. त्या पोरीच्या तोंडात परक्याचे दात बसवल्यासारखं झालं होतं.

नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विनता कपडे वाळत घालायला वर आली. बादली तशीच ठेवली, पत्र्याच्या खोलीत शिरली आणि जमिनीवर पडलेल्या माझ्या फळीवर बसून रडायला लागली. मागून आनंद आला. त्यांच्या बोलण्यातून मला सगळं कळलं. सलोनी भर रंगमंचावर दुसऱ्याच वाक्याला अडकली होती. सगळे शांत झाले. ती आईकडे पाहत राहिली. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "हिंदी में बोल दो बेटा!" आणि लोक हसले. वाईट हेतूने कोणी हसलं नव्हतं. पण सलोनी पगडी टाकून पळाली.

"तू तर वेळेवर लिहिलं होतं," आनंद म्हणाला. "तरी असं काहून झालं?"

"वेळेवर लिहिलं त्याचं काही नाही," विनता म्हणाली. "पण टेबलावर बसली अन् पहिलं जे सुचलं तेच उतरवून टाकलं. राजा अन् प्रधान! मुलं कशी बोलतात, ते पाहिलंच नाही मी. माझ्याच मुलीकडे पाहिलं नाही."

त्या दिवसापासून सलोनीने मराठी बोलणंच सोडलं. आईने मराठीत विचारलं की ती हिंदीत उत्तर द्यायची, तेही एकदोन शब्दांत. "मुझसे नहीं होगा" हे तिचं पालुपद झालं. मंडळातही कुजबुज सुरू झाली. मुलांना मराठी येत नाही तर त्यांना कशाला छळायचं? पुढच्या वर्षीपासून बालनाट्य बंद करू आणि त्या संध्याकाळी सिनेगीतांचा ऑर्केस्ट्रा ठेवू, असं ठरतच आलं होतं. विनताने हात जोडून एक वर्ष मागून घेतलं.

आणि आनंदने काय केलं सांगू? त्याच दिवशी, होय, त्याच दिवशी, तो माझी फळी आणि साखळ्यांचं पोतं घेऊन खाली गेला, टेबल आत सरकवलं आणि मला पुन्हा टांगलं. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम उद्यावर टाकलं नाही. कडी अडकवताना त्याचे डोळे ओले होते. माझेही झाले असते, असते तर.

मग आलं हे वर्ष. उन्हाळ्यात विनताची मावशी, नर्मदामावशी, वरूडहून गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आली. वरूड म्हणजे संत्र्यांचं गाव. मावशीने तिथे संत्र्यांचा व्यापार केलेला, त्यामुळे आवाज असा की चौकापर्यंत जावा. हिंदी समजायची, पण बोलायची नाही. ऑपरेशन झालं आणि मावशीने माझ्या एका टोकाला, दुखऱ्या पायाखाली उशी घेऊन, मुक्काम ठोकला. सलोनी तिला मावशीआजी म्हणू लागली. शाळेतून आली की दोघी अष्टचंग खेळायच्या. माझ्याच फळीवर खडूने पट आखायचा, चार कवड्या फेकायच्या आणि सोंगट्या म्हणून शेंगदाणे नि बरबटीचे तुकडे. दोन्ही बाजूंनी पाय टेकून मला स्थिर ठेवायचं, हा खेळाचा नियम होता.

आता एक सांगायला हवं. मावशी खेळात लबाडी करायची. कवड्या पडल्या आणि दान वाईट दिसलं, की ती जमिनीवरच्या पायाच्या अंगठ्याने मला किंचित रेटायची. एखादी कवडी उलटायची आणि वाईटाचं चांगलं व्हायचं. मला तो रेटा कळायचा, पण मी कोणाला सांगणार? सलोनीच्या मात्र ते बरोबर लक्षात यायचं.

"मावशीआजी, आपने पैर हिलाया!"

"म्या? म्या कुठं हालवला वो? ते बंगई आपल्या मनानं हालून राहिली."

"झूठ! मैंने देखा, अँगूठा हिला!"

"अवो पोट्टे, डॉक्टरनंच सांगतलं मले, पाय हालवत राहा म्हणून. डॉक्टरचं ऐकू का तुहं?"

असं रोज चालायचं. एक मराठीत भांडायची, एक हिंदीत भांडायची, आणि एकीचा एक शब्दही दुसरीला अडायचा नाही. विनता माझ्या दुसऱ्या टोकाला शेंगा मोडत बसलेली असायची. तिच्या कानावर ते पडत होतं, पण तिचं लक्ष नाटकात होतं. आणि नाटक येत नव्हतं. जंगलातले प्राणी सुचले, तिने सोडून दिले. यंत्रमानव सुचला, सोडून दिला. हट्टी राजकन्या तर दोनदा येऊन गेली. दर वेळी ती स्वतःशीच म्हणायची, "नाही, हे नाही. उद्या पाहू."

प्रथमेश पुन्हा दारात येऊ लागला. या वेळी तो नरमपणे बोलायचा, आणि तेच जास्त भीतीचं वाटायचं. "वहिनी, ऑर्केस्ट्रावाले ॲडव्हान्ससाठी मागे लागून राहिले. मी राखीच्या संध्याकाळपर्यंत थांबतो. त्याच्या पुढे माझ्याही हातात नाही." विनता हो म्हणाली. तो गेल्यावर तिने एक शेंग उचलली आणि किती तरी वेळ ती तशीच हातात धरून बसली. खरं सांगते मित्रांनो, तेव्हा माझाही धीर सुटला होता. हे नाटक झालं नाही तर माझी जागा पुन्हा पत्र्याच्या खोलीत, हे मला दिसत होतं. पण त्याहून जास्त मला त्या पोरीचं वाटत होतं. तिच्या आवाजातलं मराठी ऐकून मला वर्ष होत आलं होतं.

राखीच्या दिवशी दुपारी दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. मावशीने एकाच डावात मला दोनदा रेटलं होतं. पकडली गेली तेव्हा डॉक्टरांचं नाव घेऊन, चहा घ्यायच्या निमित्ताने, काठी टेकत आत निघून गेली. सलोनी फणफणत उठली आणि मावशीच्या जागेवर जाऊन बसली. एक पाय उशीवर ठेवला. ओढणी डोक्यावरून घेतली. आणि समोर कोणीही नसताना, मावशीच्या आवाजात, हात नाचवत सुरू झाली.

"काहून वो पोट्टे? म्या का खोटं बोलून राहिली? वरूडमधी विचार जाऊन, नर्मदा म्हंजे सत्य! डॉक्टरनं सांगतलं म्हणून हालवते वो पाय, नाही तं मले का हौस आहे?"

विनताच्या मांडीवरचं ताट खाली पडलं आणि शेंगा व्हरांडाभर झाल्या. तिने त्या उचलल्या नाहीत. तिने चेहऱ्यावर आश्चर्यही दिसू दिलं नाही, शहाणी बाई. तिने फक्त हळूच विचारलं, "अन् चहात साखर कमी पडली तर काय म्हणते मावशी?"

सलोनी तेही म्हणाली. दूधवाल्याशी कशी बोलते, तेही म्हणाली. गुडघ्याला काय काय शिव्या देते, तेही सांगितलं. भरभरून, न अडखळता, अस्सल वऱ्हाडी! ज्या पोरीला मराठी येत नाही म्हणून सगळ्यांनी हात टेकले होते, तिच्या पोटात हे सगळं साठून होतं. विनता शेंगा मोडत 'उद्या, उद्या' म्हणत होती त्या दिवसांत ते साठलं होतं, माझ्याच फळीवर.

संध्याकाळी प्रथमेश आला तेव्हा विनता माझ्यावर बसून भराभर लिहीत होती. तिने त्याला पहिला प्रवेश वाचून दाखवला. एक लबाड म्हातारी बंगईवर बसून अष्टचंग खेळते आणि गल्लीतली मुलं तिची लबाडी पकडायला निरनिराळ्या युक्त्या करतात. म्हातारी बोलते मराठीत, मुलं बोलतात त्यांच्या रोजच्या हिंदीत.

"वहिनी, मराठी नाटकात मुलं हिंदीत? अध्यक्ष काय म्हणतील?"

"प्रथमेश, तुझी आई मराठीत विचारते अन् तुझा मुलगा हिंदीत सांगतो. त्यानं तुमच्या घरचं जेवण थांबते का?"

प्रथमेश हसला, मग म्हणाला, "चलो, मी बोलतो अध्यक्षांशी." जाताना मात्र त्याने विचारलं, म्हातारी कोण करणार? आतून सलोनीचा आवाज आला, "मैं स्टेज पर नहीं जाऊँगी." विनता म्हणाली, "नको जाऊ. ते आपण उद्या पाहू."

आणि तिने खरंच विचारलं नाही. तालमी सुरू झाल्या. रोज कोणीतरी नवीन मुलगी म्हातारी होऊन माझ्यावर बसायची आणि रोज काहीतरी चुकायचं. सलोनी दाराच्या चौकटीला टेकून पाहायची. आधी तोंड वाकडं करायची, मग टोकू लागली, "ऐसे नहीं, मावशीआजी ऐसे नहीं बोलतीं." एके दिवशी तिला राहवेना. तिने त्या दिवशीच्या म्हातारीला हाताला धरून उठवलं, स्वतः बसली आणि प्रवेश शेवटपर्यंत केला. विनताने टाळी वाजवली नाही, शाबासकीही दिली नाही. नुसतं म्हणाली, "बरं, आता दुसरा प्रवेश घेऊ." आणि वहीचं पान उलटलं.

उशीर झाल्याचे हाल झाले, ते लपवत नाही. पडदे मनासारखे मिळाले नाहीत, एका मुलाचा सदरा इतका मोठा होता की तो त्यात दिसेचना, आणि प्रथमेशला पित्ताचा त्रास झाला. पण मुलांना घोकायला वेळच नव्हता, त्यामुळे ती आपापलं बोलली. आणि माझं काय विचारता! मला टेम्पोत घालून मंडळाच्या हॉलमध्ये नेलं, लोखंडी चौकटीला टांगलं. या वयात मी रंगमंचावर!

पडदा उघडला. मावशीचं लुगडं नेसून, एक पाय उशीवर ठेवून सलोनी बसली होती. मुलांनी कवड्या टाकल्या, तिने अंगठ्याने मला रेटलं, आणि मुलं ठरल्याप्रमाणे ओरडली, "दादी, आपने पैर हिलाया!"

आता सलोनीचं वाक्य होतं. ते आलं नाही. तिने समोर पाहिलं होतं. हॉल भरलेला होता, तीच माणसं, तीच शांतता. पडद्याआड विनताने ओठ दाबून धरले होते. तिने वाक्य पुरवलं नाही. मागच्या वर्षीचं सगळं पुन्हा घडणार, असं मला वाटलं. मला फार फार वाटलं की आपल्याला बोलता यावं.

पुढच्या रांगेत खुर्चीवर पाय ठेवून नर्मदामावशी बसली होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की नाटक तिच्यावर आहे. आरोप कानावर पडला आणि सवयीने तिचं तोंड सुटलं. भर हॉलमध्ये, चौकापर्यंत जाणाऱ्या त्या आवाजात ती ओरडली, "म्या नाही हालवला!"

हॉलमध्ये एकच हशा पिकला. आणि सलोनी? ती विसरली की आपण रंगमंचावर आहोत, विसरली की आपण म्हातारी आहोत. ताडकन उठून, कमरेवर हात ठेवून, मावशीकडे पाहत तिने ठणकावलं, "हालवला! तू रोज हालवते, मावशीआजी! मी पाहते ना रोज! आज मी सगळ्यांना सांगणार!"

हे कोणी लिहिलेलं नव्हतं. कोणाच्या आवाजात नव्हतं. ते तिचं स्वतःचं मराठी होतं, वर्षभरानंतरचं पहिलं. पडद्याआड विनता खाली बसली आणि तोंडावर पदर धरून हसत-रडत राहिली. सलोनी पुन्हा माझ्यावर बसली, पाय उशीवर घेतला आणि उरलेलं नाटक तिने असं केलं की मावशी शेवटपर्यंत पुढच्या रांगेतून तिच्याशी भांडत होती. लोकांना वाटलं, तेही नाटकातच आहे.

दसऱ्यानंतर मावशी वरूडला गेली. त्या संध्याकाळी माझं ते टोक फार हलकं वाटलं. फळीवरचा खडूचा पट विनताने अजून पुसलेला नाही. सलोनी शाळेतून आली की माझ्यावर बसून मावशीला फोन लावते. मराठीत बोलते. चुकतं, मध्ये हिंदी येतं, कोणी तिला थांबवत नाही.

मित्रांनो, माझं आता वय झालं आहे. कड्या झिजल्या आहेत, तेव्हा ज्याच्या घरी बंगई असेल त्याने वर्षातून एकदा तिच्या कड्यांना तेल द्यावं, एवढी विनंती आहे. आणि दुसरीही एक आहे. तुमच्या घरी कोणी असं काम समोर असूनही गप्प बसलेलं दिसलं, तर त्याला लगेच उठवू नका, त्याच्याखालची जागा तर मुळीच काढून नेऊ नका. आधी त्याच्या शेजारी जाऊन जरा बसा. तो झोपला असेल तर खुशाल हाक मारा. पण त्याचा पाय हळूहळू जमिनीला रेटत असेल, तर त्याला आणखी थोडं बसू द्या.